कानसेनांचा चौथा आवाज

जुने कीबोर्ड दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना सगळे कानसेन म्हणत. पदवी लोकांनी दिली होती, पण ती जपायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. बायकोचा कान दगडाचा आहे, हे ते लग्न झाल्यापासून पाहुण्यांना सांगत आले होते. बायको पाहुण्यांना चहा देत असे.

एकदा नाटकांना संगीत देणारा एक तरुण जुना सॅम्पलर घेऊन आला. या वाद्याला स्वतःचा आवाज नसतो. दुसऱ्याचा आवाज साठवायचा आणि ऐटीत आपला म्हणून ऐकवायचा, हा त्याचा धंदा. घराण्यात असे दोन-तीन जण असल्यामुळे बायकोला त्याचं नवल वाटलं नाही. आत आठ आवाजांची आठ सर्किटं होती. पट्टी दाबली की पाळी पुढच्या सर्किटाची, आणि आठ झाली की पुन्हा पहिल्याची.

"काका, मधूनच एक सूर चरचरतो," तरुण म्हणाला.

कानसेनांनी डोळे मिटून एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबली. "काही नाही. कानातला मळ काढून या."

तरुण गेला, तो आठवड्यात परत आला. मळ काढून आला होता. चरचर तशीच होती. वाद्य ठेवून तो निघून गेला.

आता मात्र कानसेनांची पंचाईत झाली. बारीक चरचर त्यांना वर्षभरापासून ऐकूच येत नव्हती. हे बाहेर फुटलं असतं तर दुकान बसलं असतं, आणि दुकान बसल्यावर हा माणूस दिवसभर घरात काय करणार, या विचाराने बायकोचाही जीव दडपला असता. तिला सगळं ठाऊक होतं. शिट्ट्या देणाऱ्या कुकरशेजारी बसून जो नवरा "कुकर लावला का?" विचारतो, त्याची तपासणी वेगळी करावी लागत नाही.

त्यांनी वाद्य घरी आणून कामाच्या टेबलावर उघडलं. एका सर्किटाची फिल्टरची चिप काढून शेजारच्यात बसवायची, तिथली इथे. बिघाड चिपबरोबर सरकला तर दोष चिपचा, जागीच राहिला तर आजूबाजूच्या भागांचा. युक्ती बिनतोड होती. फक्त तो सरकला की नाही हे ऐकू यावं लागतं. आणि कुठलं सर्किट, हे तरी कुठे कळलं होतं?

"तो पंखा बंद कर. ऐकू देत नाही."

"बंदच आहे," इस्त्री करता करता बायको म्हणाली.

बराच वेळ पट्टी वाजत राहिली. बायकोने एक सदरा संपवला, दुसरा घेतला. मग वर न बघता म्हणाली, "चौथा."

"तुला काय कळतंय?"

"काही नाही. दगडाचा कान."

कानसेनांनी चौथ्याची चिप पाचव्यात घातली, पाचव्याची चौथ्यात. पट्टी दाबली आणि भिंतीकडे बघत बसले. विचारणं हा त्यांचा स्वभाव नव्हता.

"अजून चौथाच," बायको म्हणाली.

म्हणजे महागडी चिप निर्दोष होती. शेजारचा कपॅसिटर कुजला होता. तो बदलल्यावर बायकोने दोन उशांचे अभ्रे होईपर्यंत ऐकलं आणि मान हलवली. "बरोबर," कानसेन म्हणाले, "बघत होतो, तुला ऐकू येतंय का."

तरुणाने वाजवून पाहिलं आणि खूश झाला. "काकू, कान असावा तर काकांसारखा." काकांनी विनयाने नजर खाली घातली. विनय त्यांना तेवढ्यापुरता जमे.

पुढचा कीबोर्ड आल्यावर त्यांनी स्वतः इस्त्रीचं टेबल उचलून कामाच्या टेबलाशेजारी आणलं. "इथे उजेड बरा आहे."

बायको हाताची घडी घालून उभी राहिली. "आधी म्हणा, हिचा कान दगडाचा नाही."

कानसेनांनी स्क्रू पाहिले, सोल्डरिंगची तार पाहिली, खिडकी पाहिली. मग ओठातल्या ओठात पुटपुटले.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "पंखा बंद करू का?"