कुवेतचे पाच शुक्रवार आणि आईची पिशवी

कुवेतच्या विमानतळावर माझी बॅग उघडायला लावली ती ज्वारीच्या कणसांपायी. निघताना शेतातली पाच टपोरी कणसं मी परकरात गुंडाळून घेतली होती. आमच्या राहुरीकडच्या खेड्यात पिकाचं पहिलं फळ मंडळीत (देवळात उपासनेला जमतात ती आम्हा ख्रिस्ती लोकांची मंडळी) वाहायची रीत आहे. लेक परदेशात असली म्हणून तिचा वाटा का चुकवायचा? पण गणवेशातल्या त्या तरण्या अधिकाऱ्याला हे कसं सांगू? मला ना अरबी येत, ना इंग्रजी. त्यानं एक कणीस शेपटी धरून पाल उचलावी तसं उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. मी ते त्याच्या हातातून घेतलं, टोकाचे थोडे दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारून कोंडा उडवला, चार दाणे तोंडात टाकले आणि उरलेले त्याच्यापुढे धरले. शेजारचा दुसरा अधिकारी हसायला लागला. मग यानंही एक दाणा चावून पाहिला, मान हलवली आणि म्हणाला, "यल्ला, यल्ला" (चला, चला). अशी माझी कणसं कुवेतात शिरली.

पण मी काही कणसं पोचवायला गेले नव्हते. खरं कारण सांगते. माझी करुणा तिथल्या मोठ्या दवाखान्यात वीस वर्षं नर्स आहे. आता चव्वेचाळिसाची झाली. लग्न केलं नाही, आणि त्यावर बोलणं आम्ही कधीच सोडलंय. यंदा तिला ऑस्ट्रेलियाच्या एका दवाखान्याचं पत्र आलं. पक्की नोकरी, घर, सगळं. माझा थोरला दानिएल इतका हरखला की अख्ख्या गावाला सांगून आला. आणि मग एक दिवस करुणेचा फोन, की मी सही करणार नाही, ही नोकरीसुद्धा सोडून घरी येणार, दोन वर्षं धर्मविद्यालयात शिकणार आणि पाळक (मंडळीची धर्मगुरू) होऊन खेड्यांतून सेवा करणार. तिचा शब्द होता 'पाचारण'. देवानं बोलावणं, असा त्याचा अर्थ. उत्तर कळवायची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. दानिएल म्हणाला, "आई, तू जा. तुझं तरी ऐकेल." त्यानंच तिकीट काढलं.

आणि मला त्या शब्दाचीच धास्ती. माझी आई बायबलबाई होती. म्हणजे खांद्याला पिशवी, पिशवीत पवित्र शास्त्र आणि गीतांचं पुस्तक, आणि गावोगाव पायी हिंडून बायकांना वाचून दाखवायचं, त्यांची दुखणीखुपणी बघायची. कुठं पाटावर बसवायचे, कुठं पाणीसुद्धा वरून ओतायचे. ती लोकांच्या लेकरांना मांडीवर घ्यायची आणि आम्ही भावंडं दाराशी तिची वाट बघायचो. मला शाळा चौथीपर्यंतच मिळाली. पुढचं वाचन आईच्या त्याच पुस्तकांवर झालं, म्हणून आज हे लिहितेय. पण ती गेल्यावर तिची पिशवी मी ट्रंकेच्या तळाशी घातली, वरून चार लुगडी रचली, आणि ठरवलं की माझ्या एकाही लेकराच्या खांद्यावर ही यायची नाही.

विमानतळावर करुणेबरोबर हमीदभाई आले होते. हे मूळचे दापोलीकडचे, कुवेतातल्या राई भागात त्यांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे. मी सवयीनं "सलाम" म्हटलं तर चमकलेच. मी सांगितलं, नगरकडं आम्ही ख्रिस्ती लोक एकमेकांना सलामच करतो. म्हणाले, "मग मावशी, तुमी आमच्यातल्याच." आणि बॅग माझ्या हातातून काढून घेतली. रस्ते असे सरळ आणि रुंद की मोटार चालली आहे हे बाहेर बघितल्याशिवाय कळत नाही. झाडं मोजकी, पण प्रत्येक झाडाच्या बुडाशी पाण्याची नळी. मला ते फार आवडलं. झाड लावलं तर त्याचं बघायचं.

तो गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी करुणा म्हणाली, "आई, मंडळीत येतेस?" माझं अंग मोडून आलेलं. म्हटलं, "आज कसली मंडळी? रविवारी येईन," आणि कुशीवर वळले. रविवारी पहाटे उठले, आंघोळ केली, पांढरं पातळ नेसले, गीतांचं पुस्तक मांडीवर घेऊन खुर्चीत तयार बसले. करुणा आतून आली ती नर्सच्या कपड्यात, हातात डबा. मला बघून थबकली. "आई, आज कामाचा दिवस आहे. इथला रविवार शुक्रवारी असतो. तो तू झोपेत घालवलास." आणि हसत हसत निघून गेली. मी पांढऱ्या पातळात एकटीच. मग काय करणार, एकटीनंच तीन गीतं म्हटली. शेजारच्या खोलीतली केरळची नर्स रात्रपाळी करून झोपलेली, ती उठून आली. रागावली असेल म्हणून मी थांबले, तर खालीच बसली आणि चौथं गीत तिनं तिच्या भाषेत म्हटलं.

पुढच्या शुक्रवारी मात्र मी सगळ्यांच्या आधी तयार. चर्चचं आवार केवढं, पण मंडळ्या त्याहून जास्त, म्हणून प्रत्येक भाषेला तास वाटून दिलेले. आमचा मराठीचा तास आठ ते साडेनऊ. आमच्या आधी मल्याळी, आमच्या नंतर फिलिपिनो. आशीर्वाद संपतो न संपतो तोच दारात त्यांची पोरंबाळं गिटार घेऊन उभी. आपली माणसं चाळीसच, पण पेटी होती, तबला होता, टाळही होते. पाळक कुणी नाही. अर्दिया भागातल्या गोदामात काम करणारे शिमोनकाका मंडळीचे वडील (म्हणजे कारभारी) आहेत, ते उपासना चालवतात आणि वचन करुणा सांगते. माझी करुणा, जिला घरी चार पाहुण्यांसमोर बोलता यायचं नाही. त्या दिवशी तिनं विधवेच्या घरच्या मूठभर पिठाची गोष्ट सांगितली. मी पुढच्या बाकावर होते. तिच्यावरून नजर काढवत नव्हती आणि मनात मात्र सारखं चाललेलं, हिला परत कसं वळवायचं.

उपासना झाल्यावर एकेक बाई पुढं येऊन टेबलाखालच्या पातेल्यात पिशवी रिकामी करायला लागली. ज्वारीचं पीठ, बाजरीचं, तांदळाचं. मी ओळखलं. ही आमच्या आईची मूठ. कणीक मळायच्या आधी एक मूठ बाजूला काढायची, आठवड्यानं ती ज्याला गरज आहे त्याच्याकडं जायची. आमच्या घरात कितीही ओढाताण असली तरी आईनं ती चुकवली नाही. करुणेनं ही रीत इथं लावली होती, आणि मला वीस वर्षांत एका शब्दानं बोलली नव्हती.

त्या संध्याकाळी हमीदभाईंनी आम्हाला शर्कच्या मासळी बाजारात सोडलं. बाजार कसला, दिवाणखाना. फरशी लख्ख, बर्फावर मासे ओळीनं मांडलेले. आपल्या पापलेटाला तिथं जुबैदी म्हणतात आणि त्याचा केवढा मान. मी सवयीनं कल्ले उचलून बघायला गेले तर विकणारा बंगाली दादा हिंदीत म्हणाला, "अम्मा, आज का ही है, मेरी माँ की कसम." मासा घेतला आणि समुद्रासमोरच्या कठड्यावर बसलो. लाकडी गलबतं डुलत होती. म्हटलं, आता बोलायचं.

दानिएलनं शिकवून पाठवलेलं सगळं मी बोलले. म्हातारपण, आधार, लोक काय म्हणतील. करुणा पाण्याकडे बघत ऐकत होती. शेवटी माझं स्वतःचं निघालं. म्हटलं, "दहा वर्षांची होते मी. तापानं फणफणले होते आणि माझी आई तीन कोसांवर दुसऱ्याचं लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. त्याला पाचारण म्हणतात, करुणे. मला ते घरात नको."

ती म्हणाली, "मला माहीत आहे, आई. म्हणून तर थांबले. मला बोलावणं आलं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. दादाचं शिक्षण होतं, घराला पत्रे नव्हते, तुझं ऑपरेशन होतं. सगळं आटोपलं. तुला सांगायला मला वीस वर्षं लागली."

आजीची पिशवी ठेवलीस की टाकलीस, एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, चल, मासा खराब होईल.

तिसऱ्या शुक्रवारी त्या पिठाच्या भाकरी आम्ही दोघींनी थापल्या. विजेच्या शेगडीवर भाकरी फुगत नाही, हे मी मान्य करायला तयार नव्हते. पहिल्या चार करपल्या, धूर झाला, छताला लावलेलं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं आणि खालचा वॉचमन धावत वर आला. करुणेनं त्याच्या हातावर गरम भाकरी ठेवली, तो तशीच खात खाली गेला. बाकीच्या साठ भाकरी आणि खर्डा घेऊन हमीदभाईंच्या गाडीतून अर्दियातल्या कामगारांच्या खोल्यांकडे निघालो. वाटेत गुबार (धुळीचं वादळ) उठला. आभाळ आपल्या मुरमासारखं तांबडं झालं, पुढची मोटार दिसेना. हमीदभाईंनी गाडी कडेला लावली. काचेवर धूळ सरसर वाजत होती. मी दानिएलची बाजू हमीदभाईंपुढं मांडली. म्हटलं, तुम्ही जाणते, तुम्ही तरी हिला सांगा.

ते आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "मावशी, माझी अम्मी इथं आली नि आजारी पडली. सिस्टरच्या वॉर्डात होती. शेवटचे तीन दिवस तिच्याशी आपल्या बोलीत कोण बोललं, तर तुमची लेक. डूटी संपली तरी घरी नाय गेली. अम्मीचं बरं दिसत नाय म्हटल्यावर मला तिनंच फोन केला, का लवकर ये, कानात कलमा म्हणायला तुझाच आवाज पायजे. मी पोचलो तवा तिनं अम्मीचा हात धरलेला होता. तो माझ्या हातात दिला नि बाहेर जाऊन उभी राहिली." मग काचेवरची धूळ वायपरनं पुसत म्हणाले, "मी हिला काय सांगू?"

करुणा पुढं बसली होती. तिनं मागं वळून बघितलं नाही.

गुबार निवला तसे अर्दियाला पोचलो. एकेका खोलीत आठ-आठ माणसं, एकावर एक पलंग, पण चादरी नीट. कुडाळकडचे एक मेस्त्री परांचीवरून (बांधकामाच्या मचाणावरून) पडून पाय मोडून घेऊन बसलेले. भाकरीकडे बघून म्हणाले, "बरी असा, पण आमची तांदळाची भाकरी खाल्ल्यार ही तुमका गोड लागाची नाय." मी म्हटलं, आमची खाऊन पाय जुळला तर तुमची खायला येईन. सगळी खोली हसली. करुणा तोवर खाली बसून त्यांच्या पायाची बोटं हलवून बघत होती, घरी बायकोला फोन केला का, रडवलंत का तिला, असं दटावत होती. तिथं ना तिनं वचन सांगितलं, ना प्रार्थना म्हटली. निघताना मेस्त्री मला हळूच म्हणाले, "सिस्टर नसती तर मी हय नसतंय, बाय. पोटात धरलास तुम्ही, तिका हात देवान दिल्यान."

मी लहानपणी कायम दाराच्या आत होते. आई ज्या घरी जायची तिथल्या माणसांची तोंडं मी कधी पाहिलीच नव्हती. त्या खोलीत बघितली.

घरी येऊन दानिएलला फोन लावला. म्हटलं, सही होणार नाही. तो चिडला, मला म्हणाला तुला कशाला पाठवली होती. मी म्हटलं, बघायला पाठवलीस, बघितलं. करुणा स्वयंपाकघरात भांडी घासत होती. नळ बंद झाल्याचा आवाज आला. चौथ्या शुक्रवारच्या आत तिचं नकाराचं उत्तर ऑस्ट्रेलियाला गेलंसुद्धा.

पाचवा शुक्रवार माझा शेवटचा. वेदीवर मी माझी पाच कणसं ठेवली. वीस वर्षांत ज्यांनी उभं शिवार पाहिलं नव्हतं, अशी माणसं येऊन नुसता हात लावून गेली. मग शिमोनकाकांनी करुणेला पुढं बोलावलं आणि आमच्या रीतीप्रमाणे विचारलं, "हिच्या घरचं कोण आहे? या बहिणीला सेवेसाठी देता का?" दारात फिलिपिनो मंडळी येऊन उभी होती, आमचा तास संपत आलेला. मी उठले. गुडघे दुखत होते तरी सरळ उभी राहिले. सत्तरीत पहिल्यांदा मंडळीत बोलले असेन.

म्हटलं, "देणारी मी कोण? वीस वर्षं ती दिलेलीच होती, फक्त मला ठाऊक नव्हतं. पण तिच्या आजीची पिशवी माझ्याकडे आहे. ती मी देते."

करुणेनं पदर तोंडाला लावला. शिमोनकाकांना पुढचं वाचायला ओळ सापडेना. बाहेरच्या त्या परक्या मंडळीला एक अक्षर कळलं नसेल, तरी कुणीतरी "आमेन" म्हणालं आणि गिटारवाल्यानं तार छेडली.

आता घरी येऊन पंधरा दिवस झाले. कोण काय पाहिलं विचारतं तर मी उंच मनोरे सांगते, समुद्र सांगते, जुबैदी सांगते, आणि मग न विचारता लेकीचं सांगत बसते. ऑस्ट्रेलियाचं काय झालं असं विचारणाऱ्याला मी मान वर करून सांगते की आमची करुणा पाळक होणार. दानिएल अजून फुरंगटलेला आहे, पण काल येऊन ट्रंक वरून त्यानंच खाली काढून दिली.

पिशवी धुतली. कापड अजून दणकट आहे, उन्हात दोन दिवस ठेवल्यावर आईच्या हाताचा वास गेला, त्याचं थोडं वाईट वाटलं. पट्टा मात्र उसवून नवा लावला, चार बोटं लांब. आई माझ्याएवढी बुटकी होती. करुणा उंच आहे.