शेजारच्या जागेवरची दस्ती

आमच्या लग्नात छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले होते. स्वभाव बहुधा उरलेल्या पाचांत असावा. मुलगा बघून आलेले माझे मामा जिंतूरला घरी येऊन म्हणाले, "पोरगा लय शांत हाय. बसलो तवर एका शब्दानं बोलला न्हाई." हे त्यांनी कौतुकानं सांगितलं आणि घरच्यांनी कौतुकानं ऐकलं. तिकडं माझ्याबद्दल 'पोरगी बोलकी हाय' असं आधीच कळवलं होतं. एक बोलणारी, एक न बोलणारा, म्हणजे दुधात साखर, असं ठरवून सगळ्यांनी पेढे खाल्ले. त्या दुधात राहायचं मला होतं.

लग्न होऊन मी मानवतला आले. हे जिनिंगवर कापसाच्या गाड्या काट्यावर घ्यायचे. दिवसभर वजनं करायची सवय म्हणून असेल, घरातही सगळं काटेकोर. निघताना कुलूप तीनदा ओढून बघायचे. गाडी साडेआठची असली की साडेसातला स्टँडवर. माझं सगळं उलटं. मला वेळेचं भान नाही, नाकावर राग, आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. मी काहीही सांगितलं तरी उत्तर एकच यायचं, "हं." भाजी जळाली, हं. शेजारणीला जुळं झालं, हं. ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. हॉटेलात, पारावर, जिनिंगच्या फाटकापाशी माणसं तावातावानं बोलायची आणि बोलणं ऐकून कुणाकडं चहा घ्यायचा ते ठरवायची. मी यांना विचारलं, "तुमाला काय वाटतं?" म्हणाले, "नाव द्यायला पाहिजे." चार वर्षांतलं ते त्यांचं सर्वांत लांब भाषण. जिनिंगवरही त्यांनी ते तेवढंच केलं असावं, कारण पुढं दोघं-तिघं आमच्याकडं यायचे बंद झाले.

चौथ्या वर्षी जिंतूरहून पत्र आलं. माझ्या धाकट्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. संध्याकाळी मी ते यांना वाचून दाखवलं. वाचताना मी रडत होते. पत्र संपलं तसे हे "हं" म्हणाले आणि कुलूप बघायला उठले.

मी हातातला तांब्या आपटला. "मी सकाळी जिंतूरला चालले. परत येणार न्हाई. ऐकायलात का?"

"हं," म्हणाले. "साडेआठची गाडी हाय."

मला वाटत होतं, निदान 'नको जाऊ' तरी म्हणतील. त्यांनी माझी पिशवी उचलून दाराशी ठेवली. घर सोडून चाललेल्या बायकोला इतक्या वक्तशीरपणे पोचवायला निघालेला नवरा मानवतात दुसरा नसेल. मी रात्रभर मनातल्या मनात भांडले.

सकाळी साडेसातला आम्ही स्टँडवर. परभणीला जायचं आणि तिथून गाडी बदलून जिंतूर. आमच्याकडं एस.टी. लागली की माणसं दाराकडं नंतर जातात, आधी खिडकीतून टॉवेल टाकतात. टॉवेल पडला की जागा आपली, या कायद्याला परभणी जिल्ह्यात आव्हान नव्हतं. कुणाला कोपरसुद्धा न लावणारा हा माणूस त्या गर्दीत घुसला. पुढची, डावीकडची, ऊन न येणारी खिडकी त्यांनी धरली, कारण मला गाडी लागते. आत जाऊन बघते तर शेजारच्या जागेवरही त्यांची दस्ती, म्हणजे खिशातला हातरुमाल, पसरलेली. माझा जीव एकदम हलका झाला.

"तुमी येताय?"

"न्हाई. थांब." टॉवेल खांद्यावर टाकून खाली उतरले आणि गर्दीतून एका गाठोडंवाल्या म्हातारीला घेऊन आले. "ह्या राणीसावरगावला चालल्यात. तासभर बघायलोय, लय बोलतात. तुला सोबत होईल."

आणि उतरून गेले. गाडी सुटली तरी 'परत ये' म्हणाले नाहीत. कधी काही न विसरणारा माणूस दस्ती मात्र विसरला. म्हातारीनं ती अंगाखालून ओढून माझ्या हातात दिली आणि बोलायला लागली.

मला माझं दुःख सांगायचं होतं. दोनदा मी "आजी, माझं काय झालं..." अशी सुरुवात केली. दोन्ही वेळा तिची म्हैस आडवी आली. मग सून, मग सुनेचा भाऊ, मग परत म्हैस. मध्ये शिरायला फट नव्हती. मी "हं" म्हणत राहिले. अर्ध्या वाटेवर माझ्या कानांना तो हं ओळखीचा वाटला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. कारण मी ऐकत होते. ती म्हैस मागच्या डाव्या पायानं लंगडायची, हे मला आजही आठवतं.

परभणीला उतरताना म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "लय गुणाची हायस माय. तुझ्यासंगं बोलून जीव निवला. आमच्या घरी कुणी ऐकतच न्हाई."

तरी मी जिंतूरला गेलेच, राग असा वाया घालवता येत नाही. चार दिवस बहिणीजवळ बसले. पाचव्या दिवशी आईनं विचारलं, "किती दिवस हाईस?" मी म्हटलं, "उद्या निघते. यांची दस्ती राहिलीय माझ्याकडं."

मानवतला आले, पण बोलायचं नाही असं ठरवून. धुतलेली दस्ती घडी करून खुंटीजवळ ठेवली. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या संध्याकाळी हे कुलूप बघायला उठले, दारापर्यंत गेले आणि तसेच परत येऊन माझ्यासमोर बसले.

"तीन दिस झाले, बोलंना गेलीस," म्हणाले. "घर लय गप वाटायलंय." आणि मग, "त्या पत्रात शेवटी लिव्हलतं ना, तुझ्या बहिणीनं साखरपुड्याची साडी वापस धाडली म्हणून. ती घेतली का त्यांनी?"

पत्रातली ती ओळ मी रडत वाचली होती, अर्धी तर मलाच ऐकू आली नव्हती. मला खूप काही सांगायचं होतं, साडीचं, बहिणीचं, म्हशीचं, चार वर्षांचं. पण तोंडातून एवढंच निघालं, "हं."