गादीवाल्याची झोप

आमचे हे गादीवाले. शिवलेल्या प्रत्येक गादीवर आधी स्वतः आडवे व्हायचे. घोरायला लागले की गादी पास. गिऱ्हाइकं हसायची आणि घेऊन जायची.

माळ्यावरून पडून डोक्याला मार बसला, तेव्हापासून झोपेने यांच्याशी वैर धरलंय. दोष गादीचाच म्हणून चार चांगल्या गाद्या उसवून बसले. मी बोलले की चिडतात. डॉक्टरांनी बजावलंय, ठरल्या वेळीच झोपायचं, दुपारी अजिबात पडायचं नाही. म्हणून हल्ली गाद्या मी तपासते.

काल दुपारी तपासता तपासता माझा डोळा लागला. जाग आली तर हे स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होते.

"उठवायचं नाही का?"

"झोप लागताना कसं वाटतं गं?" त्यांनी विचारलं. "सांग ना जरा."