उत्तनला गेले, चकचकीत नाणं बघून आले

उत्तनला जायचं तर रविवार सोडून जा, हे आधीच सांगते. भाईंदर पश्चिमेला बसची रांग संपत नाही आणि रिक्षावाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. मी रविवारीच गेले, कारण बोलावणं रविवारचं होतं. परत आले ती डोक्यात राख घालून.

आमच्या मीरा रोडच्या सोसायटीच्या गेटवर रोझामावशी मासे विकते. सासूने लग्नात दिलेलं चांदीचं पोर्तुगीज नाणं विकून पावसाआधी घराचे पत्रे बदलायचे, असं तिने ठरवलं होतं. मला जुन्या नाण्यांचा नवा नाद लागलाय, हे तिला ठाऊक. "ताई, बी विंगवाले काका येतायत नाणं बगाया. तुमी पन या, जेवूनच जा."

हे काका म्हणजे नाण्यांतले माझे गुरू. माझ्या पहिल्याच नाण्याला मी रुमाल लावला तेव्हा खेकसले होते, "पुसायचं नाही! हा काळा थर म्हणजे नाण्याचं वय. तो गेला की किंमत गेली." पुढे एकदा रंगात येऊन हेही बोलून गेले होते, की कुणी धुतलेलं नाणं स्वस्तात मिळालं तर उकडलेल्या अंड्यासोबत डबीत ठेवायचं, चांदी पुन्हा काळी पडते.

बस मुर्धा, राई, मोर्वा करत डोंगर ओलांडते. तिकीट किरकोळ, पण सुटे पैसे न्या. उतार लागला की समुद्राआधी बोंबलांचा वास येतो. बांबूंच्या वलांडींवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत होते. फोटो काढायचे तर विचारून काढा, लोकांची ती कामाची जागा आहे.

मावशीच्या घरी पोचले तर काका भिंग घेऊन बसलेले आणि चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. हातातलं नाणं नव्या वाटीसारखं चमकत होतं. राजाचं नाक गेलेलं, कडेची अक्षरं पुसट.

"मावशी, हे काय केलंत?"

"चिंचेत ठेवलं, मंग राख लावून तारेनी घासलं. मोठी मानसं येनार, काळं कसं दाखवू?"

"घासलं कशाला?" काका ओरडले. "मी फक्त चिंचेत ठेवायला सांगितलं होतं!"

बोलले आणि जीभ चावली. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धुतलेलं नाणं म्हणून चांदीच्या भावात घ्यायचं, अंड्याच्या डबीत काळं करायचं आणि जुनं म्हणून चढ्या भावाने विकायचं! मावशीने मन लावून घासलं आणि डाव फसला. पण नाणंही गेलंच ना!

"मला रुमाल लावू दिला नाहीत, आणि तिला चिंच?" मी तिथेच सगळं बोलले, डबीसकट.

"तुम्ही मध्ये पडू नका, हा व्यवहार आहे," काका म्हणाले.

मावशीने त्यांच्या हातातून नाणं काढून घेतलं. "माजी सासू गेली तवा पन येवढं वाईट न्हाय वाटलं," ती म्हणाली. मग आत जाऊन ताटं घेऊन आली, कारण जेवायला बोलावलं होतं. आणि हा माणूस जेवला! तळलेले बोंबील संपवून वर भात मागून घेतला.

नाणं घासू नये, हे तुम्हाला कुणीही शिकवेल. मी उत्तनहून शिकून आले ते वेगळंच. शिकवणारा तोच नियम दुसऱ्याला सांगतो का, ते आधी बघा.

परवा मावशी गेटवर आली ती नाण्याला कडी लावून, काळ्या दोऱ्यात गळ्यात घालून. काकांनी निर्लज्जपणे सुरमई उचलली. "साफ करून दे गं."

"साफ न्हाय करनार," मावशी म्हणाली. "साफ केलं का भाव जातो. तुमीच बोललाव."

अख्खं गेट हसलं. काका डोकं-आतड्यांसकट सुरमई घेऊन लिफ्टकडे गेले. मीही हसले, पण राग काही उतरला नाही. आभाळ भरून यायला लागलंय आणि मावशीच्या घरावर अजून तेच पत्रे आहेत.