पुसण्याआधीचं पाहणं

पैठण गेटजवळच्या गल्लीत एका कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. मी एक जुना, सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला होता. त्यात विंडोज नव्यानं टाकायचं म्हणून तो त्याच्याकडं नेला. दुपार होती. कूलरमधून वाळ्याचा ओला वास येत होता आणि माझे डोळे जड झाले होते.

त्यानं कॉम्प्युटर सुरू केला. स्क्रीनवर आधीच्या मालकानं लावलेला फोटो तसाच होता. दौलताबादच्या पायऱ्यांवर लाल फ्रॉकातली एक मुलगी, वाऱ्यानं उडालेले केस. त्यानं बाहीनं स्क्रीनवरची धूळ पुसली, हात मांडीवर ठेवले आणि नुसता बघत बसला. माझी चुळबुळ सुरू झाली.

"ओळखीची आहे का?"

"नाय साहेब. पण आता फॉरमॅट मारलं की गेली. जाताना कुणीतरी डोळं भरून बघावं ना."

"मग फोटो ठेवून घ्या की."

"दुसऱ्याची अमानत हाय. बघायची, ठेवायची नाय."

मग त्यानं बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली आणि पहाट व्हावी तशी हळूहळू निळी उजाडली.

घरी येऊन मी स्क्रीनवर आईचा हसरा फोटो लावला. कधीतरी हा कॉम्प्युटर मीही विकेन. तेव्हा तो त्याच माणसाच्या हाती पडावा.