आ कर आणि ऐक

आमच्या डॉक्टरबाई दातांच्या डॉक्टर होत्या, आणि नाटकांची परीक्षणं त्या पेशंटचं तोंड उघडं असतानाच करायच्या. गालात कापसाचे बोळे, जिभेखाली पाणी ओढणारी नळी, डोळ्यांवर दिव्याचा झोत, आणि वरून बाईंचा दणदणीत आवाज : ‘‘काल बघून आलो बाई ते नवीन नाटक. पहिला अंक निम्मा कापायला पायजे. का? पटत न्हाय?’’ पटत नसलं तरी त्या अवस्थेत माणूस करणार काय! घशातून कसाबसा आवाज काढावा, तर त्या म्हणायच्या, ‘‘तेच म्हणतो मी.’’ त्या खुर्चीत बसून बाईंशी वाद घातलेला माणूस मला तरी माहीत नाही.

‘म्हणतो’ वाचून कुणी दचकू नये. आमच्या कोल्हापुरात बायकाही ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. लिहायला बसले की मी शहाण्यासारखी ‘गेले, आले’ लिहिते. पण फोनवर माझंही ‘आलो की गं!’च असतं. बाई तर कुरुंदवाडजवळच्या शेतकरी घरातल्या. शिकून डॉक्टर झाल्या, शाहूपुरीत दवाखाना थाटला, मोठमोठ्या घरांतल्या कवळ्या बसवल्या, पण भाषेला त्यांनी इस्त्री केली नाही. नाटकाला एकट्या जायच्या. नवरा इंजिनियर, भला माणूस, पण नाट्यगृहातले दिवे मालवले की त्यांचेही डोळे मिटायचे. लग्नानंतर दोन-तीन नाटकांतच बाईंनी निकाल लावला. ‘‘झोपायचं तर घरात झोपा की. त्याला तिकीट कशाला?’’

वर्तमानपत्रातलं परीक्षण त्या नाटक बघून आल्यावरच वाचायच्या. ‘‘आधी वाचायचं म्हंजे दुसऱ्यानं चावल्यालं खायचं. माझ्या दाढा शाबूत हायत की!’’ आणि वाचायला लागल्या की त्या छापील कागदाशी भांडायच्या. ‘प्रकाशयोजना पूरक’ एवढं वाक्य दिसलं की झालं, डोकं फिरलंच. ‘‘पूरक म्हंजे काय रे बाबा? दिवे लागले, एवढंच सांगतोयस व्हय? बघताना तुला काय झालं ते सांग की. हसलास, रडलास, का घड्याळ बघितलंस?’’

मुंबई-पुण्याचं नाटक दौऱ्यावर निघालं की कोल्हापूरला पोचेपर्यंत थोडं आटतं. नेपथ्य निम्मं होतं, एखादा नट बदलतो, एखादा प्रवेश वाटेतच गळतो. प्रेक्षकांना काही कळत नाही, अशी कंपनीवाल्यांची समजूत. बाई मुलीकडे पुण्याला गेल्या की तिथं नाटक बघून यायच्या आणि तेच नाटक इकडं आलं की पुन्हा हजर. एकदा मध्यंतरात त्या सरळ आत गेल्या आणि मॅनेजरला गाठलं. ‘‘पावणं, पुण्यात जिना हुता. आमच्याकडं का आणला न्हाईसा? कोल्हापूरकर जिना चढत न्हाईत व्हय?’’ तो बिचारा म्हणाला, ट्रकमध्ये जागा नव्हती. ‘‘मग सोफा ठेवून यायचा. ती बाई जिन्यावरनं खाली येती तवा घराची मालकीण वाटती. दारातनं आली की शेजारीण वाटती.’’ पुढच्या दौऱ्याला खरंच जिना आला. बाई त्यासाठी तिसऱ्यांदा गेल्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दाढेत सिमेंट भरताना म्हणाल्या, ‘‘जिना झकास हाय. नाटकच वाईट हाय, जिना काय करंल?’’

त्यांचं सगळं बरोबरच असायचं असं मात्र मुळीच नाही. एका रहस्यनाटकाला त्यांनी ‘महिन्यात बंद पडतंय बघ’ असा शाप दिला होता. ते वर्षानुवर्षं चाललं. दर वेळी कोल्हापूरला आलं की बाई जाऊन बघून यायच्या, अजून बंद का पडत नाही ते शोधायला. ‘आपलं चुकलं’ हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत. ‘‘लोकांचं चुकतंय,’’ म्हणायच्या, आणि वर हसायच्या. जयसिंगपूरचे एक धान्याचे व्यापारी त्यांचे पेशंट होते, तेही नाटकवेडे. बाईंनी त्यांच्या आवडत्या नाटकाची अशीच सालटी काढली आणि तोंडात मशीन असल्यामुळे त्यांना गप्प बसावं लागलं. पुढच्या खेपेला ते खुर्चीपाशी उभेच राहिले. ‘‘डॉक्टरबाई, आधी मी बोलणार, मग बसणार!’’ आणि उभ्याउभ्या त्यांनी त्या नाटकाची बाजू मांडली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. ‘‘झालं तुमचं? बसा आता. आ करा.’’

मी त्यांची पेशंट, आणि नटी. नटी म्हणजे दिवसा पतसंस्थेत काउंटरवर आणि संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये तालमीला. आमची हौशी मंडळींची संस्था. त्यातल्याच एका मित्रानं नाटक लिहिलं. संसार मोडून कायमचा निघालेला नवरा, आणि जाण्याआधी त्याला शेवटचं जेवायला वाढणारी बायको. ती बायको मी. वाढता वाढता मी अशी रडायचे की खाली रुमाल निघायचे. स्पर्धेत मला अभिनयाचं बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला, पतसंस्थेत पेढे झाले, सासूबाईंनीसुद्धा दृष्ट काढली. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

मग मुंबईच्या एका निर्मात्यानं ते नाटक घेतलं. लेखक तोच, नाटक तेच, माणसं मात्र सगळी नवी. माझ्या जागी मालिकेतली एक प्रसिद्ध नटी आली. निर्माता फोनवर गोड बोलला. ‘‘ताई, तुम्ही काम सुंदरच करता. पण पोस्टरला ओळखीचा चेहरा लागतो हो.’’ अरे, माझा चेहरा काय गहाण पडला होता? कोल्हापुरात निम्मं गाव ओळखतं मला! पण हे सगळं फोन ठेवल्यावर सुचलं. इतकी वर्षं घरचं-दारचं सांभाळून, वेळी-अवेळी स्वयंपाक उरकून धावत तालमीला गेले, ते ह्यासाठी? मी मित्रमंडळींना सांगून टाकलं, माझं नाटक संपलं. मेकअपची पेटी भाचीला देऊन मोकळी झाले.

काही महिन्यांनी ते नाटक कोल्हापूरला आलं. हाउसफुल्ल! मी गेले नाही. पण जो जो बघून आला, तो माझ्या घरी चहा पिऊन गेला. ‘‘तुझी सर न्हाय गं तिला.’’ ‘‘नुसता मेकअप, दुसरं काय!’’ ‘‘आमची खरी नटी तूच.’’ मयताला यावीत तशी माणसं येत होती. ऐकताना बरं वाटायचं, आणि दार लावलं की जास्तच कोसळायचे. आपण आता फक्त समजूत घालण्यापुरत्या उरलो, असं वाटायचं.

नेमकी त्याच आठवड्यात दाढ ठणकायला लागली. दवाखान्याचा जिना चढताना, खोटं कशाला बोलू, मनात एकच आशा होती. बाई कुणाला सोडत नाहीत. त्या नटीची आज बिनपाण्यानं हजामत होणार, आणि ती मी कान भरून ऐकणार.

बाईंनी भूल दिली, कापूस कोंबला, दिवा ओढला. ‘‘बघितलं तुझं नाटक,’’ म्हणाल्या. ‘‘शेवटचा प्रवेश तिनं तुझ्यापेक्षा चांगला केला.’’

मी डोळे मिटून घेतले. दुसरं करता काय येत होतं?

‘‘तू काय करत हुतीस? रडत रडत वाढत हुतीस. दादला कायमचा चाललाय, रडू येणारच. त्यात वंगाळ काय न्हाय. पण मग आम्ही खाली बसून काय करायचं? रडायचं सगळं काम तूच उरकलंस की! ती रडली न्हाय. भाजी वाढली, वाईच थांबली, आणि त्याच्या ताटातली मिरची उचलून बाजूला काढली. त्याला तिखट सोसत न्हाय. घर सोडून चाललाय गडी, आणि हिला त्याच्या पोटाची फिकीर! तिथं माझा जीव गेला बघ.’’

माझ्या कानामागं पाणी ओघळलं. बाईंनी मशीन थांबवलं. ‘‘दुखतंय व्हय?’’ मी मान डोलावली. ‘‘भूल दिलीया. दाढ न्हाय दुखत तुझी,’’ म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

चूळ भरल्याबरोबर, अर्ध्या सुन्न तोंडानं, मी तडकले. ‘‘सगळं गाव म्हणतंय माझी सर नाही तिला. तुम्हाला एकटीलाच कसं दिसलं?’’

‘‘गावाला तुझं मन राखायचंय. मला तुझं काम राखायचंय,’’ बाई म्हणाल्या. ‘‘ती चांगली हाय, एवढंच सांगितलं मी. तू संपलीस असं कुठं म्हटलं? ते तूच म्हणतीयास. रविवारी सांगलीला दुपारचा प्रयोग हाय. दोन तिकिटं काढल्याती. जेवून तयार ऱ्हा, मी गाडी घेऊन येतो.’’

जायचं नाही असं मी रविवारी सकाळपर्यंत ठरवत होते. बाईंनी खाली हॉर्न वाजवला आणि तो थांबवेनात, तेव्हा शेजाऱ्यांची लाज वाटून गेले. अख्खा पहिला अंक मी त्या नटीची चूक शोधत बसले. पदर चुकीचा घेतलाय, भाकरी थापायची सवय नाही, ‘न्हाय’ म्हणता येत नाही. सगळं खरं होतं. मग शेवटचा प्रवेश आला. तिनं ताट केलं, वाढलं, आणि ती मिरची उचलली. माझ्याच नाटकात, माझ्याच जागी उभ्या असलेल्या बाईला बघून मी हमसून हमसून रडले. राग कुठं गेला कळलं नाही. वाटलं, हे आपल्याला यायला हवं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी हवंसं वाटलं.

परतताना हातकणंगल्याला चहाला थांबलो. मी म्हटलं, ‘‘चांगली आहे हो ती.’’ बाई बशीत चहा ओतत म्हणाल्या, ‘‘मग? तिच्या चांगलेपणानं तू मेलीस व्हय?’’ दुसऱ्या दिवशी मी भाचीकडून पेटी परत आणली. ती कार्टी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मी तालमीला जायला लागले आणि मग थांबले नाही. पुढची सगळी कामं मी खुर्चीत आ करून तपासून घेतली. कधी शिव्या खाल्ल्या, कधी ‘‘ह्या येळी जमलं बघ तुला,’’ एवढंच ऐकलं आणि चार दिवस हवेत तरंगले.

बाईंना जाऊन आता वर्ष होत आलं. त्याआधीची एक सकाळ मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

बाईंचा हात कापायला लागलाय, हे माझ्या कानावर आलं होतं. कुणाच्या हिरडीला लागलं, कुणाचा ओठ ओरखडला, पण पेशंट तक्रार करत नव्हते. चाळीसेक वर्षांची माया. कापूस चावून घरी जायचे आणि बाईंना म्हणायचे, ‘तुमच्यासारखा हात नाही गावात.’ मला विश्वास बसला नव्हता. त्या दिवशी मी खुर्चीत बसले, बाईंनी आरसा तोंडात घातला आणि तो माझ्या दातांवर टकटक वाजायला लागला. बाईंनी मनगट दुसऱ्या हातानं धरलं, पुन्हा प्रयत्न केला. मग दात तपासायची सळी हिरडीला टोचली. रक्ताची चव आली.

बाई थांबल्या. सगळं बाहेर काढलं. ‘‘उठून बस,’’ म्हणाल्या. मास्कच्या वर त्यांचे डोळे तेवढे दिसत होते. ‘‘माझा हात कसा हाय? सांग.’’

इतक्या वर्षांत बाईंनी कुणाचं मत विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. दवाखाना म्हणजे त्यांचा जीव होता. नवरा गेल्यावर तर घरात त्या फक्त झोपायला जायच्या. ‘काही नाही हो, जरा लागलं,’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. बोलायला किती सोपं होतं! पण त्या बघत होत्या, आणि त्या डोळ्यांपुढं मला खोटं बोलवेना.

‘‘हात राहिला नाही, डॉक्टरबाई,’’ मी म्हटलं. ‘‘आता थांबा तुम्ही.’’ आणि मलाच रडू फुटलं.

त्यांनी हातमोजे काढले. हात उलटा-सुलटा करून बघितला. ‘‘एवढी माणसं येऊन गेली,’’ म्हणाल्या. ‘‘कोण कसं बोललं न्हाय?’’

‘‘प्रेम आहे हो त्यांचं तुमच्यावर.’’

‘‘आणि मी तुला त्या येळी खरं सांगितलं, तवा माझं प्रेम न्हवतं व्हय तुझ्यावर?’’

मी त्यांचा तो कापणारा हात दोन्ही हातांत धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. बाहेर बाकावर पेशंट बसले होते. थोड्या वेळानं बाईंनीच दार उघडलं आणि त्यांना दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता सांगितला.