सुट्टीचा भोंगा

सुट्टी कशी घ्यावी हे ज्यांना जन्मात कळलं नाही, आणि तरीही आख्ख्या चिंचवडात जादा सुट्टी द्यायचा पहिला मान ज्यांनी पटकावला, असे एकच गृहस्थ मी पाहिले. आणि ते माझे मालक होते. मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. वडील बार्शीच्या बाजारात मापाडी होते. बी. ए. होऊन मी या गृहस्थांच्या बिजागऱ्यांच्या कारखान्यात पत्रव्यवहार पाहायला आलो, तेव्हा त्यांनी माझं नावही विचारलं नाही. "इंग्रजी येतं ना? मग झालं," म्हणाले, आणि त्या दिवसापासून मी 'ग्रॅज्युएट' झालो. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, हातानं फिरवायचे प्रेस आणि आठ माणसं. कामाच्या तासांचा कायदा आम्हाला लागू नव्हता, कारण सरकारच्या लेखी आम्ही कारखानाच नव्हतो. मालकांना हा अपमान इतका झोंबला, की त्यांनी देहूरोडच्या मिलिटरी लिलावातून लढाईच्या काळातला हँडलचा भोंगा विकत आणला. शत्रूची विमानं आली हे गावाला सांगण्यासाठी बनवलेलं ते यंत्र आमच्याकडं आठ माणसांना 'कामावर या' म्हणून सांगू लागलं. पहिल्या दिवशी शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. हँडल मालक स्वतः फिरवत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

बिजागरी हा त्यांचा धंदा नव्हता, तो त्यांचा धर्म होता. कुणाच्याही घरी गेले की माणसांआधी ते दाराची विचारपूस करत. दार उघडत, लावत, पुन्हा उघडत, कान देऊन ऐकत. माझ्यासाठी मुलगी पाहायला वडीलधारे म्हणून आले, तेव्हा मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली आणि हे कोटाच्या खिशातून तेलाची बुधली काढून माजघराच्या दाराशी उकिडवे बसलेले. "मुलगी उत्तम आहे हो," ते मुलीच्या बापाला म्हणाले, "पण हे दार तुमच्या घराची अब्रू घालवतंय." लग्न जमलं. माझी बायको अजून म्हणते, तुम्ही मला पाहिलंत, पण तुमच्या मालकांनी दार जास्त नीट पाहिलं.

अशा माणसाच्या हाती छापील कागद लागणं धोक्याचं असतं. मुंबईहून मागवलेल्या कानशी एकदा इंग्रजी वर्तमानपत्राच्या पानात गुंडाळून आल्या. मालकांनी पान झटकून माझ्यापुढं धरलं. परदेशातल्या कुठल्याशा छोट्या कारखान्याची हकीकत होती. तिथं पाच दिवस जादा तास काम करून घेतात आणि शनिवार-रविवार कारखाना बंद ठेवतात. माल तेवढाच निघतो, माणसं खूश राहतात. "आणि मालक?" मालकांनी विचारलं. मी म्हटलं, "पुढचं फाटलंय." खरोखरच, 'या दोन दिवसांत मालक' इथवर मजकूर होता आणि पुढं कानशीच्या टोकानं कागद नेला होता. शहाण्या माणसानं तिथंच थांबायचं. आमच्या मालकांनी पुढच्याच सोमवारपासून योजना चालू केली.

माणसं रोज गॅसबत्ती लागेपर्यंत राबू लागली, आणि कुरकुर न करता. पहिला शनिवार उजाडला आणि नेहमीच्या वेळेला भोंगा वाजला. कुणी अर्धी दाढी घेऊन, कुणी ओल्या अंगानं धावत आलं. मालक हँडलापाशी प्रसन्न उभे. "घाबरू नका रे, सुट्टी सुरू झाल्याचं सांगत होतो!" त्यावर आमचा सगळ्यांत जुना कारागीर कोंडिबा धापा टाकत म्हणाला, "मालक, घरी निजलेल्या मानसाला उठवून सांगताय व्हय, की नीज म्हनून?" मालकांनी मग नियमच केला: कामाचे दोन आखूड, सुट्टीचा एक लांबलचक. तेवढ्यावर भागेना. सुट्टीच्या दिवशी माणसं नीट विश्रांती घेतात की नाही, हे पाहायला ते घरोघर फिरू लागले. झोपलेल्याला उठवून "आराम आहे ना?" विचारायचे, आणि जाताजाता दाराला तेल घालायचे. उरलेला दिवस रिकाम्या शेडमध्ये एकटेच बसायचे. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. हे मला ठाऊक होतं; पण त्याचा शनिवारशी संबंध असेल असं काही तेव्हा माझ्या बी. ए.च्या डोक्यात आलं नाही.

पावसाळा सरला आणि एका गुरुवारी त्यांनी जाहीर केलं, "येत्या सोमवारपासून जुनी पद्धत. शनिवार चालू." सगळे प्रेस फिरवत राहिले. कोंडिबानं मात्र प्रेस सोडला. तळवड्यात त्याची बापजाद्याची विहिरीवरची जमीन होती. वेळ नाही म्हणून वर्षानुवर्षं ती वाटेकऱ्याकडं होती. शनिवार मिळाला म्हणून त्यानं ती काढून घेतली होती आणि कांदा लावला होता. "मालक, आता वाटेकरी माघारी येत न्हाई. कांदा सोडू का काम सोडू, तेवढं सांगा." मालक दुसरीकडं बघू लागले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "माल पूर्वीएवढाच निघतोय. माणसं दमली नाहीत. तुम्हाला करमत नाही, त्याची शिक्षा यांना कशाला?" मालक लालबुंद झाले. "चार बुकं शिकलास म्हणून ऐकून घेतो! मी स्वतः बघतो यांचा कांदा."

शनिवारी आम्ही दोघं सायकली हाणत तळवड्याला गेलो. कोंडिबा लांब विहिरीवर मोट हाकत होता. त्याची बायको वाफ्यांना पाणी देत होती. तिनं मालकांना कधी पाहिलेलं नव्हतं. मालकांनी घसा साफ केला, तेवढ्यात पलीकडचा बांध फुटला. "आवो बाबा, नुसतं हुबं काय ऱ्हायलाय? घ्या त्ये खोरं!" ती ओरडली. आणि आयुष्यात ज्यांनी कुणाचा हुकूम ऐकला नाही, ते आमचे मालक कोट सावरत चिखलात उतरले. बांध त्यांनी असा घातला की पाणी भलत्याच वाफ्यात. "डोळं हायती का बटनं?" ती म्हणाली. मालकांनी निमूट दुसरा घातला. दुपारी तिनं त्यांच्या हातावर भाकरी-ठेचा ठेवला आणि "जरा बरं जमाया लागलं," असं प्रशस्तिपत्रकही दिलं. झोपडीचं दार सुंभानं बांधलेलं होतं. त्याकडं त्यांचं लक्षच गेलं नाही. मी तिथंच ओळखलं, काहीतरी बदललं आहे. परतताना ते म्हणाले, "ग्रॅज्युएट, त्या फाटलेल्या तुकड्यात हेच असणार बघ." मग थोडं थांबून, "पुढच्या शनिवारी पण पाणी आहे म्हणत होती."

जुन्या पद्धतीचं नाव पुन्हा निघालं नाही. ते कोण हे कोंडिबाच्या बायकोला यथावकाश कळलं. तिच्या बोलण्यात तसूभर फरक पडला नाही. कोंडिबा शेडमध्ये सांगत सुटायचा, "आटवडाभर त्ये माजं मालक, आन् शनवारी माजी कारभारीन त्यांची मालकीन!" मालक ऐकून न ऐकल्यासारखं करत. सुंभाच्या दाराला पुढं बिजागऱ्या बसल्याच. पण त्याही तिनं दोनदा काढून परत बसवायला लावल्या.

त्यानंतर काही वर्षांनी, एका बुधवारी सकाळी भोंगा वाजला नाही. मी आणि कोंडिबा त्यांच्या घरी गेलो, तर दार नुसतं लोटलेलं होतं; जराही न करकरता उघडलं. मालक झोपेतच गेले होते. सगळं आटोपून आम्ही शेडवर परतलो. काय करावं कुणाला सुचेना. कोंडिबा उठला आणि ज्या हँडलला मालकांखेरीज कुणी कधी हात लावला नव्हता ते फिरवू लागला. एकच, लांबलचक. शेजारचा गोठेवाला धावत आला. "अहो, आज बुधवार ना? सुट्टी कुणाला?"

"मालकास्नी," कोंडिबा म्हणाला, आणि फिरवत राहिला.